खाडीपलीकडे

निपाणीहून मुरगूडकडे जाणारी सडक न सोडता पुढे जात राहिले, तर मुदाळ तिट्टा, राधानगरी, दाजीपूर करीत आणि फोंडा घाट उतरून ती थेट देवगडच्या समुद्राला भेटते. देवगड-निपाणी हा राज्यमार्गच आहे. पण आम्हा निपाणीकरांचे जग महामार्गाला धरून वाढलेले; उत्तरेला कोल्हापूर, दक्षिणेला बेळगाव. पश्चिमेची ती सडक म्हणजे चैत्र-वैशाखात आंब्याच्या पेट्या येण्याची वाट, एवढीच तिची ओळख. माहेर निपाणी आणि दवाखाना बेळगावी अशी माझी सारी उमर त्या दोन गावांच्या दरम्यान गेली. त्या सडकेच्या टोकापर्यंत मी कधी गेले नव्हते.

२०२४ च्या डिसेंबरात, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, गेले. आणि एकटी गेले. देवगडहून किनाऱ्याने उत्तरेकडे सरकायचे, जिथे पूल नाही तिथे फेरीबोटीने खाडी ओलांडायची आणि मांडव्याला पोचून थांबायचे, असा सहा दिवसांचा बेत होता. बरोबर जुनी मोटार, पाण्याच्या बाटल्या आणि सवयीने पिशवीत टाकलेला स्टेथोस्कोप. माझे रुग्ण सांभाळण्याचे दोघा समव्यवसायी मित्रांनी कबूल केले होते. त्यांच्यासह भेटेल त्या प्रत्येकाचा प्रश्न एकच, "एकट्याच?" मला जरा गंमत वाटली. गेली तीस वर्षे रात्री दोन वाजता फोन आला की मी एकटीच मोटार काढून रुग्णालय गाठत आले आहे. तेव्हा हा प्रश्न कोणालाही पडला नव्हता.

एकटीने जाण्याचे खरे कारण मी फारसे कोणाला सांगितले नाही. ते अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ठाऊक होते. निघण्याच्या आदल्या रात्री निपाणीला त्यांच्याकडे मुक्काम केला. छ्याऐंशी वर्षांचे अण्णा आता मोजकेच बोलतात. जेवण झाल्यावर त्यांनी विचारले, "धोपाव्याला थांबशील?" मी 'हो' म्हणाले. त्यावर ते झोपायला गेले.

पहिल्या दिवशी दाजीपूरच्या जंगलातून खाली उतरताना हवा कशी पालटते, हे ज्याने अनुभवले नाही त्याला सांगून कळणार नाही. घाटमाथ्यावर शाल लागते, आणि तासाभरात फोंड्याला उतरावे तो मानेवर घाम. संध्याकाळी देवगड, दुसऱ्या दिवशी सकाळी विजयदुर्ग. तिथे 'साहेबाचे ओटे' दाखवून हेलियम वायूचा शोध इथेच लागला, असे मोठ्या अभिमानाने सांगतात. एवढ्या आपुलकीने सांगणाऱ्याला दुखवू नये, म्हणून मी तिथे गप्प राहिले. पण डॉक्टरांच्या स्मरणिकेत खरे सांगायला हरकत नसावी. १८६८ च्या ऑगस्टमधले ते ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरला पाहिले आणि लॉकियर तेव्हा इंग्लंडात होते. विजयदुर्गाला लॉकियर आले ते १८९८ च्या जानेवारीतले खग्रास ग्रहण पाहायला. ते ओटे त्यांच्या आठवणीने पुनीत झाले आहेतच. त्यांना हेलियमची गरज नाही.

विजयदुर्ग सोडल्यावर या किनाऱ्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात येऊ लागते. सह्याद्री समुद्रापासून इतका जवळ, की पश्चिमेला उतरणाऱ्या नद्यांना वाढायला अवकाशच मिळत नाही. त्या धावत खाली येतात, आणि शेवटच्या दहा-पंधरा कोसांत समुद्र त्यांच्या तोंडात शिरून त्यांची खाडी करून टाकतो. वाघोटण, अर्जुना, मुचकुंदी, काजळी, शास्त्री, वाशिष्ठी, सावित्री, एकामागून एक. समोरच्या काठावरचे गाव दिसते, तिथला कोंबडा आरवलेला ऐकू येतो, पण तिथे पोचायचे तर खाडी जिथे अरुंद होते तिथवर आत जाऊन पुन्हा तितकेच बाहेर यावे लागते. आगबोटी चालू होत्या तोवर ही गावे दूरची नव्हती. मुंबईची बोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाई. आपल्या बेळगावच्या छावणीचा मालसुद्धा एके काळी वेंगुर्ल्याला उतरून घाट चढत असे. पुढे आगबोटी बंद पडल्या, महामार्ग आतून गेला, १९९८ साली आलेली कोकण रेल्वेही आतूनच गेली, आणि जी गावे दर्शनी होती ती परसदारी पडली.

जैतापूर, पूर्णगड, भाट्ये इथल्या खाड्यांवर आता पूल आहेत. त्यामुळे रत्नागिरीपर्यंत फेरीबोटीचा प्रश्न आला नाही. तिसऱ्या दिवशी आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड अशी समुद्राला खेटून जाणारी वाट संपते ती जयगडला. तिथे आधुनिक बंदर आणि वीजप्रकल्प आहे. त्यांच्या कुशीत शास्त्री नदीच्या मुखाशी फेरीबोटीचा साधासा धक्का. लोक तिला 'जंगलजेटी' म्हणतात. सपाट तळाची लोखंडी बोट, पुढे खाली टेकणारी फळी. एका पोरसवदा खलाशाने मला मोटार उलटी चढवायला लावली. गेल्या तीस वर्षांत कोणी माझ्याशी इतक्या अधिकाराने बोलले नव्हते. "डावीकडे, डावीकडे म्हणतो ना बाई!" चाकामागे लाकडी ठोकळा सरकला, फळी उचलली गेली, आणि थोड्याच वेळात मी तवसाळला उतरले. इतक्या सहजी झालेले पाहून मला उगीचच अस्वस्थ वाटले.

तवसाळपासून गुहागर तालुका सुरू होतो. आमच्या घराण्याचे मूळ तिथले. वाशिष्ठीच्या दक्षिण तीरावर धोपावे-वेलदूरच्या बाजूला आमचे घर होते. आता तिथे जोतेही शिल्लक नाही. समोर, उत्तर तीरावर, दाभोळ. बहमनी काळापासूनचे नावाजलेले बंदर. त्याच्या नावाचा दबदबा इतका, की १९९० च्या दशकात गाजलेला वीजप्रकल्प अलीकडच्या तीरावर, अंजनवेल-वेलदूरला, उभा राहिला आणि नाव मात्र पलीकडच्या दाभोळचे घेऊन बसला!

आता ती हकीकत सांगायला हवी.

१९४१ साल. मृग तोंडावर आलेला. खाडीवर वाऱ्याचा जोर, होड्या वर ओढून शाकारलेल्या, तर बंद झालेली. (नदी-खाडी ओलांडण्याच्या होडीला आणि त्या जागेला आमच्याकडे 'तर' म्हणतात.) पावसापूर्वी लाकडे आत घ्यायची म्हणून घरात लगबग चालली होती. दिवेलागणीला आजीच्या थोरल्या मुलाला, अण्णांच्या मोठ्या भावाला, लाकडांच्या ढिगाऱ्यात विंचू चावला. तो पाच वर्षांचा, अण्णा तीन. विंचू कोकणात नित्याचाच, म्हणून आधी मंत्र झाला, मग पाला बांधला. तासाभराने मुलाला ओकाऱ्या सुरू झाल्या. अंगाला घामाच्या धारा, हातपाय बर्फासारखे गार. मध्यरात्रीच्या पुढे त्याला निजवता येईना. श्वास कोंडे, बसते केले तरच जरा बरे वाटे. दाभोळला तेव्हा एक डॉक्टर राहत. आजोबा तरीवाल्याच्या दारी गेले, पाया पडले. तरीवाला म्हणाला, सुकती लागली आहे, वर हा वारा, पाण्यात होडी घातली तर सगळेच जाऊ. आजी मुलाला मांडीवर घेऊन धक्क्यावर बसून होती. पलीकडे दाभोळला एक दिवा दिसत होता. पहाटे मुलाच्या तोंडाला तांबूस फेस आला आणि उजाडण्यापूर्वी सारे संपले.

पुढल्या वर्षी आजोबांनी निपाणीला तंबाखूच्या वखारीत कारकुनी धरली. दाभोळला जाऊन आगबोट पकडणे सर्वांत सोयीचे होते. आजीने त्याला साफ नकार दिला. तिने बैलगाडीने चिपळूण गाठले, आणि कुंभार्ली घाट, कऱ्हाड, कोल्हापूर अशा वाटेने ती निपाणीला आली. पण पुन्हा त्या खाडीत पाऊल घातले नाही. त्या मुलाचे नाव आमच्या घरात कोणी उच्चारीत नसे. मी बालरोगतज्ज्ञ का झाले, असे मला कधी कोणी विचारले तर मी गुणांची टक्केवारी सांगते.

१९९३ साली बेळगावला एम.डी.चा अभ्यास चालू असताना, विंचूदंशाच्या एका बालरुग्णानंतर ग्रंथालयात बसून मी डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे 'लॅन्सेट'मधले दोन निबंध वाचले; १९८२ चा आणि १९८६ चा. लाल विंचवाचे विष सोडियमच्या मार्गिका उघड्या ठेवते, शरीरातल्या कॅटेकोलामाइन्सचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय त्या भाराखाली दमते आणि फुप्फुसांत पाणी भरते. वांती, अतोनात घाम, गार हातपाय, मग श्वास, मग तांबूस फेस. वाचता वाचता मी थांबले. हा सारा अनुक्रम मी लहानपणापासून ऐकत आले होते. एक अक्षर न शिकलेल्या बाईच्या तोंडून, त्याच क्रमाने.

प्राझोसिनपूर्वी अशा गंभीर रुग्णांतले शंभरात तीसेक दगावत. १९४१ साली दाभोळच्या डॉक्टरांपाशी प्राझोसिन असणे शक्यच नव्हते. प्राणवायू असण्याची शक्यताही जवळजवळ नव्हतीच. असते ते अॅट्रोपिन, मॉर्फिन, कदाचित अॅड्रिनलिन. आणि यांतल्या काहींनी त्या हृदयाचे अधिकच हाल केले असते. म्हणजे होडी मिळाली असती, खाडी ओलांडली गेली असती, तरीही निकाल बहुधा तोच लागला असता.

नव्या विद्येचा उत्साह फार निष्ठुर असतो. त्याच आठवड्यात मी निपाणीला गेले आणि आजीशेजारी बसून तिला हे सगळे समजावून सांगितले. बावन्न वर्षांचा सल माझ्या हातून निघणार, अशी माझी खात्री होती. आजीने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाली, "तू शिकलीस, तू म्हणतेस ते खरंच असणार. पण मला कशाला सांगितलंस गं? इतकी वर्षं मला एवढं तरी ठाऊक होतं, की पलीकडं औषध होतं."

मला उत्तर सुचले नाही. १९९६ साली ती गेली. त्यानंतर रुग्णांच्या आईवडिलांना 'काहीही केले असते तरी उपयोग नव्हता' हे वाक्य सांगताना मी नेहमी अडखळले आहे. ते वाक्य खरे असेल तरीसुद्धा. काहींना त्याने आधार वाटतो. काहींचा शेवटचा आधारच त्याने जातो. कोणाला सांगावे आणि कोणाला सांगू नये, याचे कोष्टक मला आजवर सापडलेले नाही. आपल्यापैकी कोणाला सापडले असेल तर अवश्य कळवावे.

धोपाव्याच्या धक्क्यावर मी दुपारी चारला पोचले. दाभोळ-धोपावे ही फेरीबोट २००३ साली सुरू झाली. बोट पलीकडे होती. मी मोटारीतून उतरून उभी राहिले. मनात खाडी प्रचंड होती. प्रत्यक्षात समोरची घरे, मशिदीचा घुमट, धक्क्यावर वाळत टाकलेली जाळी, सारे स्वच्छ दिसत होते. बोट आली. टेम्पो, तीन मोटारी, पाच-सहा दुचाक्या, शाळेतून परतणाऱ्या मुली, टोपल्या घेतलेल्या दोन मासळीवाल्या असे सारे चढले. माझ्या शेजारी मोटारसायकलवर एक तरुण जोडपे होते. बाईच्या मांडीवर लोकरी टोपडे घातलेले चारेक महिन्यांचे मूल, हातातल्या पारदर्शक पिशवीत लसीकरणाचे कार्ड. ते कार्ड मी उलटे वाचले. ही खोड आता सुटणे नाही. डोस वेळेवर दिलेले होते. मी विचारले, "बरं नाही का बाळाला?" "बरंय. दापोलीला दाखवायला चाललोय. नुसता खोकला आहे, पण ह्यांची आई ऐकत नाही." मूल माझ्याकडे पाहून हसले. श्वासाचा वेग मी नकळत मोजला, बरा होता.

मी घड्याळ लावले होते. फळी उचलली गेल्यापासून पलीकडे टेकेपर्यंत बारा मिनिटे लागली.

दाभोळला उतरून मोटार बाजूला लावली आणि अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "पोचलीस?" "पोचले. पलीकडे." "किती वेळ लागला?" मी सांगितले. बराच वेळ फोनवर काही ऐकू आले नाही. फक्त त्यांच्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक. मग त्यांनी विचारले, जेवलीस का.

त्या रात्री दाभोळपासून जवळच मुक्काम केला. रात्रीच्या शेवटच्या फेरीच्या वेळी पुन्हा धक्क्यावर गेले. शेवटची बोट चुकली तर चिपळूण-खेडवरून शंभराहून अधिक किलोमीटरचा वळसा आजही आहेच. रेवस ते रेडी सागरी महामार्गासाठी आता या खाड्यांवर पूल बांधायला घेतले आहेत. ते पुरे झाले की जंगलजेटी बंद पडेल, म्हणून पर्यटक हळहळतात. मला मुळीच हळहळ वाटत नाही. फेरीबोटीचे कौतुक प्रवाशाने करावे, रात्री आजारी पडलेल्याने नव्हे.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगते. हर्णैला मासळीचा लिलाव पाहिला, आंजर्ले-केळशी करून मंडणगडच्या बाजूने वेसवीला आले. तिथून सावित्रीची खाडी ओलांडून बागमांडला. खाडीत अर्धवट पुलाचे खांब वर्षानुवर्षे उभे आहेत, आणि त्यांच्याशेजारून बोट निमूटपणे जाते-येते. मी मात्र खांबांकडे न पाहता नदीच्या वरच्या अंगाला पाहत होते. त्याच सावित्रीच्या काठी महाड, आणि महाडजवळ बिरवाडी. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. बावस्करांनी सत्तरच्या दशकात विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी रात्ररात्र बसून नोंदी केल्या. क्ष-किरण यंत्र नाही, हृदयाचा आलेख जेमतेम; नाडी, रक्तदाब, घाम, आणि वही. त्यातून पुढे प्राझोसिन आले. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी ते काम पुढे चालवले. तीसवरून दोनेक टक्क्यांवर मृत्यू आले. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या त्यांच्या तौलनिक चाचणीत प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविषलस दिली असता रुग्ण लवकर सावरतात, असे दिसले. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्या मुलाला विंचू चावला त्या धक्क्यापासून बिरवाडी काही फार दूर नाही. मध्ये चाळीसेक वर्षे होती, इतकेच. आजही तीस मायक्रोग्रॅम प्रतिकिलोचा हिशेब करून गोळीचा तुकडा पाण्यात विरघळवताना माझा हात किंचित हलतो. शेजारची परिचारिका ते वयावर घालते.

हरिहरेश्वर, श्रीवर्धन, दिवेआगर, मग दिघीहून आगरदांडा ही चौथी फेरी, डाव्या हाताला पाण्यात जंजिरा. रेवदंड्याचा पूल, अलिबाग आणि शेवटी मांडवा. २०२० सालापासून तिथून भाऊच्या धक्क्याला मोटारी नेणारी मोठी रो-रो बोट चालते. आत खुर्च्या, वातानुकूलन, चहा. याच पाण्यात रेवसला निघालेली 'रामदास' बोट १७ जुलै १९४७ रोजी काशाच्या खडकापाशी बुडाली आणि सहाशेवर माणसे गेली. माझ्या आसपासचे प्रवासी मोबाइलवर चित्रपट पाहत होते. मांडव्याला थांबायचे ठरवले होते, पण पाचवी फेरीही करून घेतली आणि मुंबईहून महामार्गाने परतले.

निपाणीला रात्री उशिरा पोचले. अण्णा जागे होते. त्यांनी काही विचारले नाही. मी मोबाइलमधली छायाचित्रे त्यांच्यासमोर धरली. विजयदुर्ग, हर्णै, जंजिरा यांवरून त्यांची नजर सरकत गेली. खाडीचे चित्र आले तसे त्यांनी चष्मा पुसला.

"हे आपल्या बाजूनं काढलंस?"

"नाही. दाभोळहून. पलीकडून."

"म्हणजे ही दिसते ती आपली बाजू."

"हो."

त्यांनी मोबाइल हातात घेतला. चित्र मोठे कसे करायचे, ते मी दाखवले. मग धक्क्याच्या वर जी माडांची रांग दिसते, तिच्यावर बोट ठेवून ते एकेक माड मोजत राहिले.